२०५० चा हवामान आराखडा लिहायला बसताय? मग आधी बिल कोणाच्या नावावर फाटणार ते लिहा (नाशिक धरून सविस्तर)

वॉर्डात काम करणारे, नवीन नगरसेवक, सरपंच, प्लॅनिंग शिकणारी पोरं, संस्थांमधले लोक, ज्यांच्या टेबलावर आज ना उद्या "नाशिकचा २०५० पर्यंतचा हवामान आराखडा" असा जाडजूड मसुदा येऊन पडणार आहे किंवा ज्यांना तो लिहायलाच बसवणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जरा लांबलंय, पण एका बैठकीत वाचायची काही सक्ती नाही.

आधी थोडं कुठे उभे आहोत ते. २०२१ ला ग्लासगोमध्ये भारताने २०७० पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल) असं जाहीर केलं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये देशाचा लांब पल्ल्याचा आराखडा संयुक्त राष्ट्रांकडे दिला. मुंबईने त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतःचा प्लॅन काढला आणि २०५० धरलं, मधे २०३० ला ३० टक्के आणि २०४० ला ४४ टक्के कपात. म्हणजे शहराने देशाच्या पुढे जायला कोणी अडवलेलं नाही.

पण मोठा आकडा लिहायला कोणाच्या बापाचं काही जात नाही. तो टिकतो की नाही हे त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं यावर ठरतं. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढवायचं ठरलं, कागदावर धोरण एकदम बरोबर, पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला श्रीमंतांचा संपत्ती कर कमी केलेला आणि खेड्यातल्या माणसाला गाडीशिवाय पर्याय नाही, मग पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ गुंडाळून ठेवावी लागली. न्याय हे शेवटचं प्रकरण म्हणून जोडायची गोष्ट नाही ती यामुळे. तो पहिल्याच तक्त्यात नसेल तर आराखडा पहिल्या मोर्चातच झोपतो.

पायरी १: हिशोब, आणि तो घरटी

धूर किती निघतो ते मोजायला फार मोठी कन्सल्टन्सी लागत नाही. महावितरणकडून फीडरनिहाय (म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीनुसार) युनिट, पेट्रोल पंपांची विक्री, गॅस एजन्सीकडून सिलेंडर, आणि खतप्रकल्पावर घंटागाड्यांचं जे वजन होतं त्याचा रजिस्टर. मग गुणाकार. ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर पेट्रोल २.३ किलो, डिझेल २.७ च्या आसपास, घरचा १४.२ किलोचा सिलेंडर जळला की बेचाळीसेक किलो. ओला कचरा सडला की मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापदायक, त्यामुळे ओला कचरा हलक्यात घेऊ नका.

एक घोळ हमखास होतो तो एकलहऱ्याचा, म्हणजे नाशिकजवळच्या कोळशावरच्या वीज केंद्राचा. तिथला धूर नाशिकच्या नावावर लिहायचा की नाही? तिथली वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, आपण वापरलेल्या युनिटवर ०.७ लावलं आणि वर परत एकलहऱ्याचा कोळसाही जोडला तर तोच धूर दोनदा मोजला जातो. म्हणून शहराच्या हिशोबात वापर धरायचा आणि केंद्राचा आकडा वेगळ्या ओळीत, बेरजेबाहेर दाखवायचा.

आता खरी गोष्ट. एकूण आकड्याला माणशी सरासरीने भागून मोकळे होऊ नका, सरासरीत सगळे सारखे दिसतात. उदाहरण म्हणून धरा, गंगापूर रोडचा एक फ्लॅट, दोन एसी, महिन्याला ४०० युनिट, दोन गाड्या मिळून ८० लिटर पेट्रोल, एक सिलेंडर. बेरीज होते साधारण ५०० किलो. आणि फुलेनगरमधलं एक घर, ८० युनिट, बाइकला १० लिटर, सिलेंडर दोन महिने पुरवलेला. ते येतं १०० किलोवर. पाचपट फरक, आणि विमानप्रवास तर धरलाच नाही. हे दोन्ही आकडे तुमच्या वॉर्डात शंभरेक घरांची बिलं बघून स्वतः काढा, कॉलेजची पोरं दोन रविवारात करून देतील. हा तक्ता हातात असला की पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये "सगळ्यांनीच थोडी थोडी झळ सोसली पाहिजे" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी २: २०५० पासून उलटं मोजत या

दूरचा आकडा ठेवला की आजचा माणूस निवांत होतो, कारण तेव्हा तो खुर्चीत नसणार. यावर ब्रिटनने २००८ च्या कायद्यात एक चांगली तोड काढलीय, पाच पाच वर्षांचं कार्बन बजेट (त्या पाच वर्षांत एकूण किती धूर सोडायचा त्याची मर्यादा), आणि ते बजेट सुरू व्हायच्या बारा वर्षं आधी संसदेत मंजूर करायचं. बारा वर्षं! नाशिककराला हे अंतर कोणी शिकवायला नको. आपल्याकडे शहराचे रस्ते, घाट, पूल, मलनिस्सारण, सगळं सिंहस्थ ते सिंहस्थ मोजलं जातं, कारण पैसा तेव्हाच येतो. २००३, २०१५, आता २०२७, मग २०३९ च्या आसपास आणि २०५० उलटताना आणखी एक. म्हणजे २०५० पर्यंत मोठ्या पैशाचे दोनच हप्ते शिल्लक आहेत, त्यातला एक तर खर्ची पडतोय.

म्हणून माझं म्हणणं, आराखड्याचे मैलाचे दगड २०३० आणि २०४० असे गोल आकड्यांवर न लावता सिंहस्थाला बांधा. २०३९ च्या कुंभाला शहरात एकही डिझेल बस नसेल, गोदावरीत एकही उघडा नाला येत नसेल, साधूग्रामची जागा तेव्हा तरी एक झाड न तोडता उभी राहील, असं आजच लिहून ठेवायचं. साधूग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या शेवटी जो भडका उडाला तो आठवा. बारा वर्षं आधीपासून माहीत असलेल्या कार्यक्रमासाठी जागा ऐनवेळी झाडांखाली शोधावी लागते, याला नियोजन म्हणत नाहीत.

उलटं मोजताना प्रत्येक वस्तूचं आयुष्य लिहा. बस दहा-बारा वर्षं, गॅसची पाइपलाइन तीसेक, बिल्डिंग पन्नास-साठ. आज मंजूर होणारी बिल्डिंग २०५० ला उभी असणारच आहे, तिला काचेचं तोंड लावून पश्चिमेला केलं तर ती पुढची पन्नास वर्षं एसी मागणार. तेव्हा बांधकाम परवानगीचे नियम पहिल्या वर्षात बदलायचे, झाडं लावायचे फोटो नंतर काढता येतील.

आणि अवघड काम पुढच्या पिढीवर ढकललंय का तेही बघा. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ ला हेच पकडलं, कायद्यात २०३० पर्यंतचं लिहिलंय पण त्यानंतरचं धड काहीच नाही, म्हणजे आजच्या तरुणांच्या स्वातंत्र्यावर उद्या गदा येणार, मग सरकारने नेट झिरो २०५० वरून २०४५ वर आणलं. आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये येतो असं म्हटलंय. मसुद्याच्या प्रस्तावनेत हे टाका, अधिकारी जरा सरळ बसतात.

पायरी ३: झळ-तक्ता (इथे वेळ घाला)

प्रत्येक उपायासमोर चार रकाने. पैसे कोण घालणार, फायदा कोणाला, रोजगार कोणाचा जाणार, आणि यादीतच नाव नाही असं कोण आहे. चौथा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तिथेच आराखड्याची लायकी कळते.

द्राक्षाचं घ्या. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचा बागायतदार अवकाळी आणि गारपिटीने मेटाकुटीला आलाय हे खरं, ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाने घड जातात, म्हणून प्लास्टिक कव्हरला अनुदान द्या ही मागणी रास्तच. पण त्याच बागेत सुरगाणा, पेठकडची टोळी कामाला असते, एकरी उक्तं घेतलेलं असतं, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गारा पडल्या की तलाठी येतो, पंचनामा होतो, पीकविमा मिळतो न मिळतो तो पुढचा विषय, पण सगळं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. टोळीचं काय? बाग गेली म्हणजे विरळणी गेली, काढणी गेली, पॅकिंग गेलं, आणि उचल मात्र अंगावर तशीच. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुठल्याच फॉर्मवर नाही. तर आराखड्यात अशी ओळ हवी की जिथे पंचनामा झाला त्या गावात त्या हंगामात कामाला असलेल्या मजुरांना ठरावीक दिवसांची मजुरी थेट खात्यात, आणि टोळीची नोंद ग्रामपंचायतीत आधीच. तुमच्या मसुद्यात हवामानाशी जुळवून घेण्याचं प्रकरण असेल आणि त्यात मजूर हा शब्द एकदाही नसेल तर तो परत पाठवा, सरळ.

तीच गोष्ट सातबाऱ्याची. वाट्याने कसणारा, बायकांच्या नावावर जमीन नसलेली घरं, वनपट्टा अजून हातात न आलेले आदिवासी, यांना पंपाचं अनुदानही नाही आणि ठिबकचंही नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला लाँग मार्च आठवतो ना, पायाला फोड आलेली माणसं आणि दहावीच्या पोरांच्या पेपरला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदान गाठलं, त्यांची मुख्य मागणी वनहक्काचीच होती. वनपट्टे देणं हे हवामान धोरणच आहे, पट्टा असेल तर माणूस बांध घालतो, झाड लावतो, विहीर खोदतो. वनखात्याच्या वृक्षलागवडीच्या टार्गेटमध्ये त्याच जमिनी घालणं हा उफराटा प्रकार आहे, मसुद्यातले नकाशे नीट तपासा.

सगळीच झळ वाईट असते असंही नाही, काही उपायांत न्याय आणि कपात एकाच दगडात होते. रात्रीची वीज बघा. सिन्नर-निफाडकडे रात्री दोनला लाइट येते म्हणून माणूस बॅटरी घेऊन कांद्याला पाणी भरायला जातो आणि उसात बिबट्या बसलेला असतो. फीडर सौर केला की दिवसा वीज मिळते, कोळसा वाचतो, जीव वाचतो. यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहेच. फक्त एक मेख आहे, फुकट आणि दिवसभर वीज म्हणजे पाणीही दिवसभर उपसणार, आणि सिन्नर, चांदवड, देवळ्याकडे भूजल आधीच खोल गेलेलं. म्हणून सौर फीडर त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडल्यावरच, अशी अट घाला. लोक कुरकुर करतील, करू द्या.

मालेगावचे यंत्रमाग पण तक्त्यात घ्या, ते नेहमी राहतात. पत्र्याची शेड, आत मागांची उष्णता, मजुरी कापडाच्या मीटरवर, म्हणजे गरमीने माणूस बसला की कमाईही बसली. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर २०१३ ला उष्णता कृती आराखडा केला, इशारा कोण देणार, दवाखाना काय करणार, सगळं ठरवून. आपल्याकडे त्यात पत्र्याला पांढरा चुना किंवा थंड रंग, शेडला वरून गरम हवा निघायची वाट आणि जुने माग बदलायला कारखानदाराला स्वस्त कर्ज जोडा, पण कर्जाची अट अशी की दुपारच्या विश्रांतीची मजुरी कापायची नाही.

आणि एकलहरे. २१० मेगावॅटचे तीन संच, १९८० च्या आगेमागे सुरू झालेले, ६६० मेगावॅटच्या नव्या संचाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं. हे संच कधीतरी थांबणारच, प्रश्न फक्त ठरवून थांबणार की एक दिवस अचानक. कायम कामगाराची बदली होईल, कंत्राटी माणसाची होणार नाही. राखेच्या विटा करणारे, ट्रकवाले, गेटसमोरचे चहावाले, ज्यांच्या जमिनी गेल्या ती गावं, हे सगळे चौथ्या रकान्यातले. स्पेनने २०१८ मध्ये कोळसा खाणी बंद करताना आधी युनियनशी करार केला, दहा वर्षांत २५ कोटी युरो, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना त्याच भागात काम. जर्मनीने युनियन, कारखानदार, पर्यावरणवाले एका आयोगात बसवले आणि २०३८ ची तारीख काढली, सोबत कोळसा भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची मदत. तारीख उशिराची आहे म्हणून टीका झाली, बरोबरच आहे ती, पण तारीख आणि पैसा एकाच कागदावर होता ही गोष्ट उचलण्यासारखी. एकलहऱ्याची जमीन, रेल्वे सायडिंग, ग्रिडची जोडणी तयारच आहे, बॅटरी साठवण किंवा सौर उपकरणांचं काम तिथे आणता येईल. करारात कंत्राटी कामगारांची नावानिशी यादी हवी, नुसती "स्थानिकांना प्राधान्य" ही ओळ काही कामाची नाही.

पायरी ४: पैसा

सगळे म्हणतात पैसा कुठून आणणार. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलंय. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर आला, शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापायचा आणि गावातल्या दुष्काळी कामाला लावायचा. आजही पगाराच्या स्लिपवर ते दोनशे रुपये दिसतात, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. बहुतेकांना तो कशाचा हेही माहीत नसतं. हवामानासाठी हाच साचा वापरा. जास्त चटईक्षेत्राचा प्रीमियम, मोठ्या फ्लॅटच्या घरपट्टीचा वरचा टप्पा, कॉलेज रोडसारख्या ठिकाणी पार्किंगचे पैसे, हे सगळं एका वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्यातून काय काय होणार ते ठरावात आधीच लिहिलेलं.

अनुदान कोणाला पोचतं तेही बघा. छतावर सौर बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, छान आहे, पण ते ज्याला स्वतःचं छत आहे त्याला. भाडेकरू आणि झोपडपट्टीतला माणूस बाहेरच. मग महापालिकेच्या शाळा, जलकुंभ, मार्केट यांच्या छतावर सौर लावून त्याची युनिट वस्तीतल्या घरांच्या बिलात वळती करायची मागणी करा. हे कागदोपत्री किचकट आहे, महावितरणशी डोकं लावावं लागेल.

क्रमही महत्त्वाचा. आधी सोय, मग दंड. आधी सातपूर-अंबडच्या शिफ्टच्या वेळेला बस द्या, पंचवटीतून दर दहा मिनिटाला द्या, मग पार्किंग महाग करा. आणि बसबद्दल बोलतोच आहोत तर, २०२१ च्या जुलैत शहर बससेवा सुरू झाल्यापासून वाहकांच्या थकलेल्या पगारावरून ती काही वेळा बंद पडलीय. इलेक्ट्रिक बस आणली आणि वाहकाचा पगार तीन महिन्यांनी, तर ती कसली हिरवी. टेंडरच्या अटीत पगाराची तारीख घाला.

पायरी ५: माणसं बसवा, पण त्यांच्या वेळेला

कालिदास कलामंदिरात मंगळवारी सकाळी अकराला जनसुनावणी ठेवली की कोण येणार? निवृत्त लोक, बिल्डर आणि आपण. मजूर नाक्यावर सकाळी सातला जा. मालेगावात शुक्रवारी, माग बंद असतात. सुरगाण्यात होळीच्या आसपास, तेव्हा टोळ्या घरी असतात, आणि सभा तालुक्याला घेऊ नका, पाड्यावर घ्या, आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याने पाड्याची ग्रामसभा धरता येते. ज्याचा रोज बुडतो त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. मसुद्याचं चार पानी मराठी करा, मालेगावसाठी उर्दू, आणि पाड्यावर कागद न वाटता बसून सांगा. बायकांची वेगळी बैठक घ्या, त्र्यंबककडे दिवसाचे किती तास पाण्याच्या हंड्यात जातात हे पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाही.

आलेल्या प्रत्येक हरकतीसमोर "मान्य", "अमान्य" आणि कारण, असा तक्ता जाहीर करायचा. एवढं केलं तरी निम्मी भांडणं शांत होतात.

पायरी ६: तुटीची वाटणी आधीच लिहून ठेवा

जायकवाडीचं नाव काढलं की नाशिकमध्ये कपाळाला आठ्या पडतात, मान्य. पण २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात एक गोष्ट आहे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं. आकडा चूक की बरोबर यावर भांडा, दरवर्षी भांडतोच, पण तारीख, मोजमाप आणि कोण किती देणार हे टंचाई यायच्या आधी कागदावर आहे. हवामान आराखड्यात असं शहर-शेती-उद्योग यांच्यासाठी हवं. गंगापूर धरण अमुक पातळीच्या खाली गेलं की आधी स्विमिंग पूल आणि गाड्या धुणं बंद, मग बांधकामाला टँकरचं प्रक्रिया केलेलं पाणी, वस्तीच्या नळाला सगळ्यात शेवटी हात. संकट आल्यावर ठरवायला बसलं की ज्याचा फोन लागतो त्याला पाणी मिळतं.

पायरी ७: पहारा

मोजमाप असं निवडा की जे चौकात कळेल. गोदावरीला पूर आला की कोणी क्युसेक विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, एवढंच विचारतात, आणि त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. आराखड्याला असे चार-पाच मारुती हवेत. शहरात बसची वाट सरासरी किती मिनिटं बघावी लागते, एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात दुपारचं तापमान किती, वस्तीतल्या घराचं वीजबिल उत्पन्नाच्या किती टक्के, किती वनपट्टे मिळाले. सोबत एकूण टनांचा आकडा असू द्या, तो तज्ज्ञांसाठी.

मोजणारा आणि करणारा एकच नको. ब्रिटनच्या कायद्यात स्वतंत्र समिती आहे, ती दरवर्षी संसदेला अहवाल देते आणि सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं. महापालिकेत अशी समिती ठरावाने करता येईल, त्यात कामगार संघटना, आदिवासी तालुक्यातला माणूस आणि कॉलेजचा एक शिक्षक असावा, आणि मुदत निवडणुकीच्या मुदतीशी जुळवू नका. मार्च २०२२ पासून कितीतरी काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. आराखडा कोणा एका आयुक्ताच्या उत्साहावर टांगलेला असेल तर बदलीच्या ऑर्डरबरोबर तोही जातो.

शेवटचं, लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातली त्या कामाच्या नावाची खर्चाची ओळ. अंदाजपत्रकात स्वतःचं लेखाशीर्ष नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही, मग ठराव कितीही सुंदर असो. आयुक्त साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक मांडतात, खात्यांच्या मागण्या त्याआधी दोन-तीन महिने गोळा होतात. म्हणजे झळ-तक्ता दिवाळीच्या आत तयार, नोव्हेंबरमध्ये लेखा विभागाला एक प्रत, एक प्रत तुमच्या नगरसेवकाला, आणि दोन्हींवर पोच घ्यायला विसरू नका.